दुःखद डिमाइज

शाळेत 'खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा' असा एक प्रश्न असायचा. पाच शब्द, पाच गुण. ज्यांना शब्दाचा अर्थच ठाऊक नसे अशा हुशार मुलांनी या प्रश्नावर एक रामबाण तोड शोधून काढलेली होती. शब्द 'दुर्दम्य' असला की वाक्य तयार: 'गुरुजींनी फळ्यावर दुर्दम्य हा शब्द लिहिला.' शब्द 'औदासीन्य' असला की 'मला औदासीन्य हा शब्द आवडतो.' व्याकरण निर्दोष, विधान खोटं म्हणायची सोय नाही. गुरुजी भोपळा देत. पण त्या मुलांचा एक मोठेपणा मला आता कळतो. आपल्याला अर्थ ठाऊक नाही, एवढं तरी त्यांना ठाऊक होतं.

मोठेपणी हा प्रश्न सुटत नाही. शब्द इंग्रजी होतात, आणि भोपळा द्यायला गुरुजी नसतात, इतकाच फरक.

आमच्या इमारतीत इंग्रजी कागद आला किंवा जायचा असला की तो वाटेत माझ्या घरी थांबतो. तीस वर्षं एका कचेरीत बसून मी साहेबांच्या सहीची पत्रं लिहिली, त्यामुळे मला इंग्रजी येतं असा आमच्या मजल्यांवर समज आहे. तो मी दूर केलेला नाही, कारण कागदाबरोबर पुष्कळदा वाटीभर काहीतरी येतं. तर या वाचनातून माझ्या असं ध्यानात आलं आहे, की इंग्रजी भाषेतल्या लाखो नामांपैकी आपल्या मंडळींचं सर्वांत मोठं प्रेम 'डिमाइज' या नामावर आहे. साधं 'डेथ' म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. 'डेथ' म्हणजे घरातला लेंगा. चार लोकांत जायचं तर 'डिमाइज' हवा, इस्त्रीचा, आणि त्याला 'सॅड'चा टाय.

समीक्षक कवितासंग्रह हातात घेतात तसे मी हे अर्ज हातात घेतो. त्यातला एक नमुना तपशिलात पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची आजी वारली. त्यानं रजेचा अर्ज केला, तो साहेबांकडून मंजूर होऊन आल्यावर मला दाखवला. पहिलंच वाक्य: 'माय ग्रँडमदर डिमाइज्ड यस्टरडे.' आता गंमत बघा. 'डिमाइज' हे क्रियापद म्हणून वापरलं, की कायद्याच्या इंग्रजीत त्याचा रुळलेला अर्थ होतो मालमत्ता पट्ट्यानं देणं, किंवा मृत्युपत्रानं दुसऱ्याच्या नावे करणं. एखाद्या कोशात कोपऱ्यात 'मरणे' असाही अर्थ सापडेल, पण रोजच्या इंग्रजीत त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे सरळ वाचलं तर मुलानं साहेबांना कळवलं होतं, की काल माझ्या आजीनं जागा भाडेपट्ट्यानं दिली, सबब दोन दिवसांची रजा मिळावी. ज्या आजींनी, भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही या भीतीनं, उभ्या आयुष्यात पोटमाळासुद्धा कुणाला दिला नाही, त्यांच्यावर मरणानंतर हा प्रसंग! रजा मंजूर झाली याचं मला नवल वाटलं नाही. साहेबही त्याच शाळेतले.

खरं म्हणजे हा शब्द मुळात मरणाचा नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून तो आला, तेव्हा त्याच्या धातूचा अर्थ होता सोडून देणं, पाठवून देणं. पंधराव्या शतकात तो इंग्रज वकिलांच्या हाती पडला आणि जमीनजुमला एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या कागदात बसला. तिथून तो राजवाड्यात गेला. राजमुकुट हीदेखील एक इस्टेटच, ती बापाकडून मुलाकडे जाते. आणि इथं इंग्रज वकिलांनी जी करामत केली ती आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडे बिरबलाची गोष्ट आहे. बादशहाचा आवडता पोपट मेला, पण 'मेला' म्हणणाऱ्याचा शिरच्छेद व्हायचा. तेव्हा बिरबलानं जाऊन सांगितलं, की पोपट चोच उघडत नाही, पंख हलवत नाही, डोळे मिटून पडला आहे. इंग्रजांचा बिरबल म्हणजे विल्यम ब्लॅकस्टोन. १७६५ साली निघालेल्या आपल्या कायद्यावरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यानं सांगून टाकलं, की राजा कधी मरतच नाही. देह पडल्याक्षणी राजेपण वारसाकडे गेलेलं असतं. कायद्याला राजाच्या मरणाची नुसती कल्पनाही सोसवत नाही, म्हणून त्याला 'डिमाइज' म्हणायचं, म्हणजे केवळ मालमत्तेचं हस्तांतर. अठराव्या शतकाच्या मध्यावर हाच शब्द राजांवरून उतरत उतरत सामान्य माणसांच्या मरणाला लागला. राजाचा जुना अंगरखा शिपायाला मिळावा तसा.

हस्तांतर आणि मरण या दोन गोष्टी किती वेगळ्या, याचा पुरावा आठव्या एडवर्डनं स्वतः जिवंत राहून दिलेला आहे. १९३६ च्या डिसेंबरात त्यानं प्रेमाखातर गादी सोडली. त्यासाठी पार्लमेंटनं जो कायदा केला त्यात स्पष्ट शब्द आहेत, की 'डिमाइज ऑफ द क्राउन' होईल. झालं. डिमाइज झालं ११ डिसेंबर १९३६ ला, आणि गृहस्थ वारले २८ मे १९७२ ला. मधली साडेपस्तीस वर्षं ते डिमाइज होऊन फिरत होते, जेवत होते, गोल्फ खेळत होते. आपल्या एखाद्या मामलेदार कचेरीत हे प्रकरण गेलं असतं तर त्यांना हयातीचा दाखला मिळता ना!

सरकारी नोकरांच्या दृष्टीनं या शब्दाला आणखी एक धार होती. जुन्या रिवाजाप्रमाणे राजा गेला की त्यानं दिलेल्या नेमणुकाही त्याच्याबरोबर जात. पुढं निरनिराळ्या कायद्यांनी त्यांना मुदत मिळत गेली. शेवटी व्हिक्टोरिया राणी गेली त्या १९०१ साली 'डिमाइज ऑफ द क्राउन' नावाचाच एक कायदा झाला, आणि राजा बदलला म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही, नवी नेमणूक लागणार नाही, असं ठरलं. हे वाचून मला त्या कायद्याविषयी एकदम आपुलकी वाटली. राणीच्या सुतकात बसूनही ज्यानं आस्थापना शाखेचा विचार केला तो मसुदा करणारा कारकूनच असला पाहिजे.

आणि आता कळस ऐका. ८ सप्टेंबर २०२२ ला दुसरी एलिझाबेथ राणी गेली. 'डिमाइज' या शब्दावर वंशपरंपरेनं हक्क असलेली अशी दुसरी व्यक्ती त्या दिवशी जगात नसेल. राजवाड्यानं अवघ्या दोन वाक्यांचं निवेदन काढलं. त्यात शब्द कोणता होता? साधा 'डाइड'. राणी डाइड, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी डिमाइज्ड!

कायद्याच्या कागदात मात्र या शब्दाचा जुना संसार अजून चालू आहे. आमच्या सोसायटीची जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्यावर आहे. पट्ट्याची मुदत पाहण्यासाठी सेक्रेटरी अण्णांनी तो जुना दस्त बाहेर काढला आणि रात्री साडेनऊला माझं दार वाजवलं. चेहरा उतरलेला. दस्तात ठिकठिकाणी 'द डिमाइज्ड प्रिमायसेस' असं लिहिलेलं होतं.

"अहो, इमारत पडायला आली आहे हे मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले, "पण गेली असं सही करून कुणी दिलं?"

मी त्यांना सांगितलं, की डिमाइज्ड म्हणजे पट्ट्यानं दिलेली. बोटींच्या धंद्यातही असाच 'डिमाइज चार्टर' असतो. रिकामी बोट भाडेकऱ्याच्या ताब्यात द्यायची, कप्तान आणि खलाशी त्यानं आपले आणायचे. तीही बुडालेली नसते. अण्णांनी पाणी मागितलं.

आता 'सॅड' या विशेषणाकडे येतो. आपल्याकडच्या इंग्रजी शोकपत्रांत डिमाइज एकटं कधी जात नाही, बरोबर 'सॅड' असतं. इंग्रजीचे शिक्षक यावर लाल पेन मारतात. डिमाइज आनंदी असतं का, असं विचारतात. मला ही टीका उथळ वाटते. माझं मत उलट आहे. त्या दोन शब्दांत जिवंत शब्द एकच आहे, आणि तो 'सॅड'. लिहिणाऱ्याला आतून कुठंतरी कळतं, की आपण घेतलेल्या या भारदस्त नामात दुःखाचा थेंब नाही. कसा असेल? तो दस्तनोंदणीचा शब्द! म्हणून अळणी भाजीवर वरून मीठ टाकावं तसं तो 'सॅड' टाकतो. 'डेथ'ला कुणी 'सॅड' लावायची घाई करत नाही, कारण त्यात मीठ आधीच असतं. मराठीतही तेच पाहा. 'निधन' म्हटलं की मागून 'दुःखद' येतंच. वर्तमानपत्राच्या चौकटीत तर ती जोडी इतकी घट्ट झाली आहे की 'दुःखद' छापायचं राहिलं तर नातेवाईक भांडायला येतील. निधन शब्द काही नवा नाही, गीतेतसुद्धा आहे. पण घरात तो कुणी बोलत नाही. 'आमचे बाबा गेले' असं मुलगा फोनवर सांगतो तेव्हा 'दुःखद' कुठं घालणार? जागाच नाही.

आणि ही भाषा कुणाची? जिच्यात मरणाला शब्द कमी पडले असं कधी झालं नाही तिची! माणूस वारतो, निवर्ततो, जातो, डोळे मिटतो. शैव असला तर कैलासवासी, वैष्णव असला तर वैकुंठवासी. जुन्या मराठी कागदांत मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी आणि ख्रिस्ती गृहस्थ ख्रिस्तवासी होत, म्हणजे ज्याला त्याला त्याच्या पत्त्यावर पोचवायची सोय होती. शिपाई कामी येतो, सरदार धारातीर्थी पडतो, साधू समाधी घेतो. थकलेला म्हातारा गेला तर पिकलं पान गळतं. नावडता असला तर गचकतो, खपतो, आटोपतो. एवढा बारदाना घरात असताना आपण बोलताना काय म्हणतो? 'एक्सपायर झाले.' खोकल्याचं औषध, गाडीचा विमा आणि सासरे, तिघंही एक्सपायर! दवाखान्यात डॉक्टर तसं लिहितात म्हणून तो शब्द पसरला असावा. शिवाय इंग्रजी शब्दाच्या मागे 'होणे' लावलं की मराठी तयार होते, ही आपली जुनी खात्री आहेच. पण ज्याच्या आजारात तुम्ही तीन महिने रात्री जागलात त्याच्यासाठी औषधाच्या पट्टीवरचा शब्द? काही केल्या माझ्या तोंडून येत नाही.

या सगळ्याचा कस लागला तो पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या अर्जात. त्यांचे यजमान, माझे जुने स्नेही, मार्चमध्ये गेले. बँकेला कळवायचं होतं, पेन्शन वहिनींच्या नावे व्हायची होती. पुतण्यानं इंग्रजीत अर्ज करून दिला होता. वहिनी तो घेऊन आल्या.

"भाऊजी, हे मराठीत वाचून दाखवा. न वाचता सही करायची नाही असं हे नेहमी सांगायचे."

मी वाचलं. माझ्या प्रिय पतीच्या दुःखद व अकाली निधनामुळे मजवर कोसळलेल्या अपरिमित...

"अकाली?" वहिनी म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी पूर्ण होती. त्यांना तर उशीरच झाल्यासारखं वाटत होतं."

"इंग्रजीत तसं लिहायची पद्धत आहे, वहिनी."

"आणि हे दुःखद कुणासाठी? बँकेतल्या पोरांना काय करायचंय माझं दुःख? त्यांना यांचं नावसुद्धा नीट वाचता येत नाही." मग थोडं थांबून, "'हे गेले' एवढंच इंग्रजीत लिहिता येत नाही का हो?"

येतं. 'माय हजबंड डाइड ऑन' आणि तारीख. खाली खाते क्रमांक. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. हा दाखला म्हणजे 'डेथ सर्टिफिकेट'. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'डेथ'च आहे. डिमाइज सर्टिफिकेट देणारी नगरपालिका अजून निघालेली नाही. जिथं पैसे अडतात, वारस ठरतो, चूल पेटायची असते, तिथल्या सगळ्या कागदांवर तोच चार दिडक्यांचा शब्द आहे. विम्याचा दावा 'डेथ क्लेम'चा. ज्यांना खरोखर काम करायचं असतं त्यांना टाय लावायला वेळ नसतो.

वहिनींनी सही केली. पन्नासपंचावन्न वर्षांच्या सवयीनं हात आधी 'सौ.' लिहायला निघाला, कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. मग त्यांनी नुसतं नाव लिहिलं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, की या गृहस्थांनी शब्दाला वाळीतच टाकलं. तसं नाही. डिमाइजची एक हक्काची जागा आहे, आणि ती माणसांत नसून संस्थांत आहे. एखादी पेढी बंद पडते, नाट्यगृह बंद पडतं, एखादी रीत नाहीशी होते, तिथं हा शब्द चपखल बसतो. 'द डिमाइज ऑफ द टेलिग्राम' हे वाक्य घ्या. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. वाक्य शंभर नंबरी इंग्रजी, वर 'सॅड' नको, खाली 'झाले' नको. त्यातही विनोद असा, की तारेत स्वतः डिमाइजला कधी जागा मिळाली नाही. शब्दाला पैसे पडायचे. 'फादर एक्सपायर्ड स्टार्ट इमिजिएटली' असल्या चार शब्दांत गावाकडून बोलावणं येई. नुसती तार आली म्हटलं तरी बायका दारातच बसकण मारीत.

असं निर्दोष वाक्य आमच्या इमारतीतही परवा एकदा सापडलं. तळमजल्यावर आमचे मामा राहतात. लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले हे एक. ते परत आत गेलेच नाहीत. मग भाजी विकली, रात्रीची रखवाली केली. त्यांचा नातू आता कॉलेजात आहे. त्यानं निबंध लिहिला होता, त्याचं नाव 'द डिमाइज ऑफ मुंबईज टेक्स्टाइल मिल्स.' मी लाल पेन हातात घेऊन बसलो होतो, ते खाली ठेवलं. नाम बरोबर, त्याच्या मागचं 'ऑफ' बरोबर, विषयाला शोभणारं.

मामा पलीकडे बसून ऐकत होते. "काय लिवलंय त्यानं वर?"

"गिरण्यांचा अंत, असं," मी म्हणालो.

"मंग येवढा मोठा शब्द कशाला?"

मी त्यांना शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. मुळात तो मरणाचा नव्हे, जमीनजुमला एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा, पट्ट्याचा, वारसाचा. मामांनी सगळं ऐकून घेतलं. लोअर परळला फिनिक्स मिल होती तिथं आता मॉल आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मामांच्या गिरणीच्या जागी काय आहे ते त्यांना मुखपाठ आहे. किती मजले, गेट कुठल्या बाजूला, आणि त्यांचे साचे होते तिथं आता गाड्या कशा लावतात.

"मंग पोरानं बराबर लिवलंय," ते म्हणाले. "आमी आपले म्हनत बसलो, गिरनी मेली, गिरनी मेली. मेली कुठं? तिनं मालक केला दुसरा."

नातवानं वहीत मान घातली होती. जरा वेळानं त्यानं विचारलं, "काका, डिमाइजच्या आधी 'सॅड' टाकू का? आमचे सर म्हणतात चुकीचं असतं."

मी मामांकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला नव्हता, म्हणून मी तो मराठीत सांगितला.

"टाक की," मामा म्हणाले.